पत्रात कोणता शब्द लिहावा?



गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी वडिलांना सोबत घेऊन कार्यालयात आली. तिच्या हातात इंग्रजी पत्राचा कच्चा मसुदा होता. "फादर, यात एक शब्द अडलाय, तेवढा सांगा," असे ती म्हणाली. काम पाच मिनिटांचे असावे, असे आम्हांला वाटले. प्रत्यक्षात रात्रीचे साडेनऊ वाजले, स्वयंपाकीणबाई दोनदा डोकावून गेल्या आणि शब्द काही ठरला नाही. त्या दोघांच्या परवानगीने ही हकिकत लिहीत आहोत. नावे सांगणार नाही. कोणी ओळखलेच, तर ओळख न दाखवण्याचे सौजन्य बाळगावे.

हकिकत अशी. मुलीच्या वडिलांनी दक्षिण मुंबईतील एका पारशी कुटुंबात बावीस वर्षे गाडी चालवली. दोन वर्षांपूर्वी गुडघे आणि डोळे दोन्ही कुरकुरू लागले, तेव्हा नोकरी सोडली. मुलगी त्या वेळी नर्सिंग शिकत होती. साहेबांनी तिच्या उरलेल्या शिक्षणाची सगळी फी भरली. मागितली नव्हती, तरी भरली. पुढे साहेब देवाघरी गेले. त्यांच्या मागे बाईसाहेब आहेत, वय ऐंशीच्या पुढे. आता मुलीला एका रुग्णालयात नोकरी लागली आहे आणि पहिला पगार हातात पडण्याआधी बाईसाहेबांना पत्र लिहावे, अशी तिची इच्छा. त्या घरची भाषा गुजराती आणि इंग्रजी, म्हणून पत्र इंग्रजीत.

मसुद्यात तिने लिहिले होते की, तुम्ही केलेली मदत आम्ही 'अप्रिशिएट' करतो. तिच्या एका मैत्रिणीने तो शब्द खोडून वर 'थँकफुल' लिहिले होते. नंतर कुणीतरी 'ग्रेटफुल' सुचवले. मोबाइलवर शोधले तर तिथे तिन्ही शब्द एकमेकांचा अर्थ म्हणून दिलेले. मग ती आमच्याकडे आली. कारण फादर तत्त्वज्ञान शिकले आहेत, त्यांना शब्दांचा फरक कळत असेल, अशी लोकांची एक भाबडी समजूत असते.

आता शब्दांचा फरक पाहू. 'थँक' हा इंग्रजीचा स्वतःचा जुना शब्द, विचार करणे या अर्थाच्या 'थिंक'चा सख्खा भाऊ. मुळात त्याचा अर्थ मनात आणणे, ध्यानात ठेवणे असा. 'ग्रेटफुल' लॅटिनमधून आला. 'ग्रातुस' म्हणजे प्रिय, मनाला गोड वाटणारा. ज्याला आपण कृपा म्हणतो, त्या 'ग्रेस'चे मूळही तेच. 'अप्रिशिएट'चे कूळ व्यापाराचे आहे. 'प्रेतियुम' म्हणजे किंमत. त्यावरून किंमत ठरवणे, मोल जाणणे. म्हणूनच जमिनीचा भाव वाढला तरी इंग्रजीत जमीन 'अप्रिशिएट' झाली असे म्हणतात. वसईच्या माणसाला हा अर्थ अधिक समजावून सांगायला नको! जुन्या टपालातला 'ऑब्लाइज्ड' म्हणजे बांधला गेलेला. आणि 'इन्डेटेड' म्हणजे सरळ कर्जदार.

आज इंग्रजी बोलणारी माणसे हे शब्द सरसकट वापरतात, त्यात कडक नियम नाही. तरी कानाला काही फरक जाणवतो. पाऊस वेळेवर थांबला, अपघात होता होता टळला, अशा वेळी 'थँकफुल' अधिक शोभतो. तिथे देणारा समोर असलाच पाहिजे असे नाही, सुटकेचा निःश्वास पुरतो. 'ग्रेटफुल' म्हटले की आपण कोणा माणसाकडे तोंड करून उभे राहतो. 'अप्रिशिएट'ला तर माणसाची गरजच नसते. चित्र पाहून चित्रकाराला न भेटता आपण ते 'अप्रिशिएट' करू शकतो. त्यात पाहणारा थोडा उंचावर, परीक्षकाच्या खुर्चीत असतो. हल्ली तर हा शब्द हुकूम देण्यासाठीही चालतो. अमुक काम आज संध्याकाळपर्यंत केलेत तर मी 'अप्रिशिएट' करीन, असे साहेबाचे पत्र आले की त्याचा अर्थ काय, हे कार्यालयात काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना विचारा.

एवढे सांगून आम्ही निकाल दिला: 'ग्रेटफुल' लिही. आमच्या मते प्रश्न मिटला होता.

मुलीने पेन उघडले. तोवर गप्प बसलेले वडील म्हणाले, "फादर, तिने लिहिलं होतं तेच राहू द्या. मोल जाणतो, असंच लिहा. उपकार केले असं लिहू नका. मी त्या घरात फुकट काही घेतलेलं नाही."

मुलीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "पप्पा, त्यांनी दिलं नसतं तर मी आज नर्स झाले असते का?"

"आणि मी बावीस वर्षं गाडी चालवली नसती तर ते दवाखान्यात, एअरपोर्टला, फॅक्टरीत कसे गेले असते?"

आम्ही जो भाषेचा प्रश्न समजून सोडवला होता, तो भाषेचा नव्हताच. मुलीच्या लेखी फी हे दान होते, वडिलांच्या लेखी ती राहून गेलेली मजुरी.

वडिलांचे म्हणणे उडवून लावता येत नाही. आपल्याकडे 'ग्रॅच्युइटी' हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. त्याचे मूळही 'ग्रातुस'च. मालकाने खूश होऊन, मनात आले तर द्यायची बक्षिसी, हा त्याचा पूर्वीचा अर्थ. १९७२ च्या कायद्याने ती बक्षिसी हक्क झाली: पाच वर्षे सलग नोकरी केली, की दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. नाव दानाचे राहिले आणि वस्तू न्यायाची झाली. पण तो कायदा कारखाने, दुकाने, दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापना यांच्यासाठी होता. एका घरची गाडी चालवणारा ड्रायव्हर त्यात बसत नव्हता. हा मनुष्य बावीस वर्षांनी घरी बसला तेव्हा त्याच्या हाती ना ग्रॅच्युइटी होती ना प्रॉव्हिडंट फंड. त्या हिशोबाने पाहिले, तर मुलीची फी म्हणजे न लिहिलेल्या वहीतली बाकी नव्हे काय? जे आपल्याला न्यायाने मिळायला हवे होते, त्यासाठी आभार का मानायचे?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो आपल्यापैकी पुष्कळांचा आहे. रेशनच्या रांगेत, तलाठ्याच्या टेबलापाशी आपल्याच हक्काचा कागद मिळाल्यावर हात जोडून 'उपकार झाले साहेब' म्हणायची पाळी किती जणांवर आली असेल! तिथे आभार मानणे हा सद्गुण नसतो, ती हतबलता असते. अशा 'उपकारां'ची सवय ज्याला लावली गेली, त्याला खऱ्या उपकाराचा शब्दही पुढे कडू लागतो. त्या संध्याकाळी आमच्यासमोर बसलेल्या माणसाचे काहीसे तसेच झाले असावे.

पण गोष्ट इथे संपत नाही. साहेबांनी काय द्यायला हवे होते आणि त्यांनी काय दिले, हे तंतोतंत एक नाही. त्यांना पैसे चेकने देऊन मोकळे होता आले असते. त्यांनी मुलीचे शिक्षण निवडले. दर सहामाहीला फोन करून 'पास झाली का?' असे विचारले. हे कोणत्या कायद्यात बसते? चौकशीची मजुरी नसते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा थिओलोजिए' या ग्रंथात कृतज्ञता आणि कृतघ्नता यांवर दोन प्रश्न खर्ची घातले आहेत, दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या खंडातील १०६ आणि १०७. ते कृतज्ञतेला न्यायाच्या कुटुंबात ठेवतात, पण न्यायापासून वेगळी ठेवतात. कर्ज फेडणे हा न्याय. तो करार सांगतो, वेळ पडली तर न्यायालय वसूल करते. कृतज्ञतेचे ऋण कोणी वसूल करू शकत नाही. केले तर ते उरतच नाही. मग ते तिच्या पायऱ्या सांगतात. पहिली, आपल्याला काही मिळाले आहे हे ओळखणे. दुसरी, तोंडाने त्याची स्तुती करून आभार मानणे. तिसरी, योग्य स्थळी, योग्य वेळी, आपल्या ऐपतीप्रमाणे परतफेड करणे. पहिली पायरीच चुकली तर ती सर्वांत वाईट कृतघ्नता.

गंमत अशी की, आपल्या मराठीने या पायऱ्या शब्दांतच बांधून ठेवल्या आहेत. 'कृतज्ञ' म्हणजे केलेले जाणणारा. तो अजून काही बोललेला नाही, त्याने काही दिलेले नाही, नुसते जाणले आहे. आपण 'जाण ठेवली' म्हणतो ते हेच. 'कृतघ्न' म्हणजे केलेल्याचा घात करणारा. 'धन्यवाद' ही दुसरी पायरी, देणाऱ्याला धन्य म्हणणे. 'उतराई होणे', 'पांग फेडणे' ही तिसरी. आणि 'आभार' या शब्दात तर भार उघडच बसला आहे. पोर्तुगीजांचा 'ओब्रिगादू' असाच बांधिलकीचा शब्द, इंग्रजी 'ऑब्लाइज्ड'चा भाऊबंद. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे ते वसईत राहिले. त्यांच्याकडून मराठीने पाव घेतला, चावी घेतली, बटाटा घेतला, पण 'ओब्रिगादू' घेतला नाही. गोव्याच्या बांधवांनी आणखी वेगळी वाट काढली. ते 'देव बरें करूं' म्हणतात. माझ्याने फेडवणार नाही, देव तुझे भले करो. कर्ज देवाच्या खात्यावर टाकले आणि दोघे ताठ मानेने घरी गेले!

आमच्या लहानपणी घरात आभार हा शब्द कोणी उच्चारल्याचे आठवत नाही. शेजारणीने वाटीभर कालवण दिले, तर ती वाटी रिकामी परत जात नसे. चार वांगी, निदान दोन मिरच्या त्यात घालून जात. आभाराचे शब्द आम्ही शिकलो ते समारंभांत. कार्यक्रमाच्या शेवटी 'आभारप्रदर्शन' असते, त्या वेळी अर्धे लोक चपला शोधत असतात. वक्ता सांगतो की, अमक्यांचे आभार मानणे औपचारिक ठरेल, म्हणून आम्ही त्यांच्या ऋणातच राहणे पसंत करू. एका सणाला आमच्या मंडपवाल्याने हे ऐकून हळूच विचारले, "फादर, म्हणजे बिल मिळणार नाही का?"

विनोद बाजूला ठेवू. कारण याच आभारप्रदर्शनात आमच्या हातून एक चूक झाली आहे आणि ती इथे लिहिल्याशिवाय पुढे जाणे बरे दिसणार नाही. आमच्या गुरुदीक्षेच्या दिवशी आम्ही चाळीसच्या वर नावे घेऊन आभार मानले. महागुरुस्वामी, प्राध्यापक, धर्मभगिनी, गायकवृंद, बँडवाले, जेवण रांधणारे, कोणी सुटले नाही. सुटला तो आमचा मोठा भाऊ. वडील गेले तेव्हा तो दहावीत होता. शाळा सोडून त्याने वाडी सांभाळली. पहाटेच्या लोकलने भाजीच्या पाट्या दादरला नेल्या. आम्ही सेमिनरीत ॲरिस्टॉटल वाचत होतो, तेव्हा घरची चूल त्या पाट्यांवर पेटत होती. त्याचे नाव आम्ही विसरलो नव्हतो. तो आपलाच, त्याचे काय आभार मानायचे, असे आम्हांला खरोखर वाटले होते. पुष्कळ वर्षांनी वहिनींच्या बोलण्यात आले की, त्या दिवशी तो मंडपाच्या मागच्या रांगेत उभा राहून शेवटपर्यंत नावे ऐकत होता.

ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्रात एका थोर मनाच्या माणसाचे वर्णन करतो. त्याला आपण इतरांवर केलेले उपकार आठवतात, घेतलेले आठवत नाहीत. घेणे म्हणजे खालच्या पायरीवर उभे राहणे, असे त्याला वाटते. सेमिनरीत आम्ही हा उतारा पाठ करून उत्तम गुण मिळवले होते. तो आरसा आहे, हे कळायला वेळ लागला.

वहिनींकडून कळल्यावर आम्ही लगेच घरी गेलो आणि भावाला म्हणालो, "दादा, मी तुझा ऋणी आहे." तो अवघडून हसला. म्हणाला, "हिशोब कसला काढतोस?" आणि उठून वाडीत पंप बघायला गेला. शब्द चुकला होता. जे त्याने प्रेमाने केले त्याला आम्ही कर्ज म्हटले आणि आमच्या मनावरचा बोजा उतरवण्याची घाई केली. सेनेका हा रोमन तत्त्वज्ञ उपकारांवरच्या आपल्या ग्रंथात म्हणतो की, परतफेडीची फार घाई करणारा मनुष्य कृतज्ञ नसतो, त्याला कर्जदार राहणे सोसत नसते. संत थॉमसनेही हे मत उचलले आहे. इमॅन्युएल कांटने १७९७ च्या नीतीवरील ग्रंथात आणखी एक गोष्ट दाखवून दिली: उपकार कितीही फेडला तरी पूर्ण फिटत नाही, कारण पहिल्याने पहिल्यांदा दिले, न मागता दिले, आणि तो पहिलेपणा आपल्याला कधीच मिळवता येत नाही. दादाच्या बाबतीत हे आम्हांला अक्षरशः पटते.

पुन्हा कार्यालयात येऊ. वडिलांचे म्हणणे ऐकल्यावर आम्ही त्यांना विचारले की, बावीस वर्षांत पगारापलीकडचे असे तुम्ही त्या घरासाठी काही केले का? ते म्हणाले, "काय करणार? गाडी चालवली." मग मुलीने त्यांना २६ जुलैची आठवण दिली.

२६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आपण सर्व जाणतो. साहेबांची गाडी कुर्ल्याजवळ अडकली, पाणी सीटपर्यंत आले. साहेबांचे वय तेव्हाच साठीच्या घरात, त्यांना पोहता येत नव्हते. या माणसाने त्यांना गाडीतून बाहेर काढले, छातीभर पाण्यातून हाताला धरून एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर अनोळखी माणसांच्या घरी नेले आणि रात्रभर त्यांच्यापाशी बसून राहिला. इकडे वसईत त्याची बायको आणि दोन वर्षांची ही मुलगी. फोन लागत नव्हता, गाड्या बंद. तिसऱ्या दिवशी तो घरी पोहोचला.

आम्ही विचारले, "त्याचा पगार मिळाला का?"

"त्याचा कसला पगार, फादर? माणूस बुडत असताना सोडून येणार का?"

सेनेकाने आपल्या ग्रंथात एक प्रश्न विचारला आहे, जो त्या काळात धाडसाचा होता. गुलाम आपल्या धन्यावर उपकार करू शकतो का? गुलामाचे सगळेच धन्याचे, मग तो देणार काय? सेनेका म्हणतो, करू शकतो. ज्या कामाची सक्ती आहे तिथवर ती सेवा. सक्तीची हद्द ओलांडून तो जे मनाने देतो, तो उपकार. हे लिहिणारा स्वतः गडगंज श्रीमंत होता, नेरोचा शिक्षक होता, त्याच्या घरी गुलाम होते, हेही लक्षात असू द्या. तरी त्याने रेघ बरोबर जागी ओढली, असे आम्हांला वाटते.

ती रेघ या पत्राला लावली तर काय दिसते? पगारापलीकडचे दोन्ही बाजूंनी गेले होते. एका रात्री ड्रायव्हरने दिले, पुढे साहेबांनी दिले. मधल्या बावीस वर्षांचा हिशोब अपुरा राहिला, आणि तो साहेबांनी पुरा करायला हवा होता, हे आम्ही त्या दोघांसमोर म्हटले आणि इथेही लिहितो. फी भरल्याने ती बाकी आपोआप पुसली जात नाही. पण बाकी आहे म्हणून फी हे दान नव्हते, असेही होत नाही. एकाच हाताने एक देणे चुकवले आणि दुसरे मनापासून दिले, असे घडते. माणसे अशीच असतात, आपणही.

आम्ही सुरुवातीला 'अप्रिशिएट'ला थंड शब्द म्हटले होते. तो निकाल आता थोडा मागे घ्यावा लागतो. शब्द कोण कोणाला म्हणतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. मालकाने नोकराला निरोप देताना 'तुमची सेवा आम्ही अप्रिशिएट करतो' म्हटले आणि पाकीट दिले नाही, तर तो शब्द स्वस्त आहे. मोल जाणले म्हणायचे आणि मोल द्यायचे नाही, ही थट्टा झाली. पण ज्याने जन्मभर मान खाली घालून 'जी साहेब' म्हटले, त्याने म्हातारपणी 'तुम्ही जे केले त्याचे मोल मी जाणतो' म्हटले, तर त्यात एक बरोबरी आहे. तो आता परीक्षकाच्या खुर्चीत बसून बोलतो, आणि बसू द्यावे की! वडिलांना नेमका तो शब्द का हवा होता, हे इंग्रजी न येताही त्यांना कळले होते.

मुलीचे मात्र तसे नव्हते. तिने गाडी चालवली नव्हती. पाण्यात उतरली नव्हती. तिच्याकडे जे आले ते निव्वळ कृपेने आले, थोडे साहेबांच्या आणि पुष्कळसे वडिलांच्या. तिच्या तोंडी 'ग्रेटफुल'च खरा. मग आम्हांला दिसले की, खरा घोटाळा मसुद्यातल्या 'आम्ही' या शब्दात होता. दोन माणसांची दोन वेगळी मने तिने एका 'आम्ही'त कोंबली होती. (या पानावर 'आम्ही, आम्ही' लिहिणाऱ्या धर्मगुरूने हे सांगावे, याला काही जण हसतील. हसा.)

कोणता शब्द बरोबर, यापेक्षा तो उच्चारताना आपण कोणाकडे पाहतो हे महत्त्वाचे, याची साक्ष लूकच्या शुभवर्तमानातही सापडते. सतराव्या अध्यायात बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत येतो, तोही शोमरोनी, आणि येशूच्या पायांशी आभार मानतो. पुढच्याच अध्यायात मंदिरात एक परुशी देवाचे आभार मानतो; आपण इतरांसारखे पापी नाही, म्हणून. मूळ ग्रीकमध्ये दोघांसाठी क्रियापद एकच वापरले आहे, तेच, ज्यावरून आपला 'युखरिस्त' हा शब्द आला. एकाने आभार मानले तेव्हा तो देणाऱ्याकडे पाहत होता, दुसरा स्वतःकडे. शब्दकोश या दोघांना वेगळे करू शकत नाही. आपण वेदीपाशी दर रविवारी उपकारस्तुती करतो, ती या दोघांपैकी कोणासारखी, हे ज्याचे त्याने पाहावे. आम्ही आमच्यापुरते कधी पाहतो, कधी पाहत नाही.

पत्राचे शेवटी असे झाले. मुलीने ते नव्याने लिहिले, सगळे 'मी'ने सुरू होणारे. त्यात 'ग्रेटफुल' एकदाच आला आणि पुढे ती कोणत्या विभागात काम करते, रात्रपाळीत काय शिकली, असे साधे तपशील आले. साहेब फोनवर विचारत असत ना, पास झाली का? ते जणू त्याचेच उत्तर होते. 'इन्डेटेड' लिहायचे नाही, हे तिने स्वतःच ठरवले, म्हणाली, "कर्ज म्हटलं तर त्या बाईंना वाटेल मी पैसे परत पाठवणार आहे." खाली वडिलांसाठी चार ओळींची जागा सोडली. त्यांनी ती मराठीत, स्वतःच्या हाताने भरली. बाईसाहेबांना वाचून दाखवायला घरात कोणी ना कोणी असेल, असे ते म्हणाले. काय लिहिले ते आम्ही पाहिले नाही. त्यांनी कागद घडी करून दिला आणि आम्ही पाकीट बंद केले.

पत्र स्पीड पोस्टाने गेले त्याला आता तीन आठवडे झाले. उत्तर आलेले नाही. आले तर ते त्यांच्या घरच्या पत्त्यावर येईल, चर्चच्या नाही. तरीही मिस्सा सुटल्यावर ते दर रविवारी आमच्यापाशी क्षणभर थांबतात. गेल्या रविवारी विचारत होते, "फादर, तो शब्द तिथं बरोबर होता ना?"

आपले प्रभूठायी,
प्रमुख धर्मगुरू